फॉरमॅट मारला तरी व्हायरस परत येते. विंडोज नव्यानं टाकायचं तर नेमकं कसं?

कोरडवाहू (घाटंजी, जि. यवतमाळ)

राजेहो, जरा मदत पाहिजे. गावात माझं लहानसं ऑनलाईन सेवा केंद्र आहे. सातबारा, आठ-अ, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, झेरॉक्स, प्रिंट. मशीन एकच: असेंबल्ड डेस्कटॉप, चौथ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०.

पेन ड्राईव्ह कोणताही लावा, आतले फोल्डर शॉर्टकट होऊन जातात. टास्क मॅनेजर उघडला की आपोआप बंद होते. क्रोम उघडलं की सट्ट्याच्या जाहिराती. अँटीव्हायरसवर कितीही क्लिक करा, तो ढिम्म. मशीन रिकामी असली तरी पंखा फुल स्पीडवर.

दिवाळीच्या आधी तालुक्याच्या एका दुकानातून फॉरमॅट मारून आणलं होतं. ऑफिस, फोटोशॉप, सगळं टाकून दिलं होतं त्यानं. काही दिवस बरं चाललं, मंग पुन्हा हेच. आता स्वतःच करून पाहतो म्हटलं. फक्त सी ड्राईव्ह उडवला तर भागते का? डी मध्ये लोकांचे अर्ज, स्कॅन, घरचे फोटो असं बरंच काही आहे. अन् खरं विंडोज आणायचं कुठून?

तुरीच्या_शेंगा

सेफ मोडमध्ये जा, स्कॅन मार, निघून जाते. एवढ्यासाठी फॉरमॅट कायले?

नेटकॅफे_जुना (अंजनगाव सुर्जी)

तुरीभाऊ, अँटीव्हायरस उघडतच नाही अन् टास्क मॅनेजर बंद पडतो, म्हणजे ताबा दुसऱ्याकडे आहे. त्या विंडोजच्या आत बसून केलेल्या स्कॅनचा निकाल मी तरी मानत नाही. विंडोजसोबत येणाऱ्या अँटीव्हायरसचा, म्हणजे डिफेंडरचा, ऑफलाईन स्कॅन मारून पाहायला हरकत नाही. तो विंडोज सुरू व्हायच्या आधी चालतो, पंधरा-एक मिनिटं लागतात. घरचं मशीन असतं तर म्हटलं असतं की स्कॅन करा आणि पाहा. पण इथे लोकांचे आधार आणि पासबुकं स्कॅन होतात. ते पूर्णच नव्यानं टाकावं.

कोरडवाहू, आधी हे बघ की मागच्या वेळी फॉरमॅट मारूनही तो परत आला कुठून. दुकानात फक्त सी उडवला असणार, हे मी न बघता सांगतो. डी मध्ये तुझं 'सॉफ्टवेअर' नावाचं एक फोल्डर असेल, त्यात प्रिंटरचा ड्रायव्हर, क्रोमचा सेटअप, व्हीएलसी. सॅलिटी आणि रॅमनिट या जातीचे व्हायरस ईएक्सई म्हणजे प्रोग्रॅमच्या फाईलच्या पोटात शिरतात. सॅलिटी २००३ पासून आहे, रॅमनिट २०१० पासून, आणि जुन्या मशीनींवर, पेन ड्राईव्हवर अजून सापडतात. रॅमनिट तर एचटीएमएल फाईलही सोडत नाही. सी कोरा करकरीत झाला, तू डी मधून प्रिंटरचा सेटअप डबल क्लिक केला, की तो पुन्हा घरात.

दुसरी वाट पेन ड्राईव्हची, ती तुला माहीतच आहे. तिसरी म्हणजे 'सगळं टाकून दिलं' यातलं सगळं. फुकटचं ऑफिस आणि फोटोशॉप चालू करायला जी अ‍ॅक्टिव्हेटर नावाची फाईल चालवतात, तिच्यासोबत पहिलीच सूचना असते की अँटीव्हायरस बंद करा. आपण बंद करतो. पुढे आणखी काय सांगायचं?

म्हणून माझं मत: डेटा बाहेर काढ, अख्खी डिस्क कोरी कर, विंडोज मायक्रोसॉफ्टच्या साईटवरूनच घे, आणि परत आणताना फक्त कागदपत्रं आण, एकही प्रोग्रॅम नाही. विंडोज टाकणं हे यातलं सगळ्यात सोपं काम आहे. त्याच्या आधीची तयारी वेळ खाते.

संत्र्याचा_मळा (वरूड)

डेटा काढायचा म्हणजे बाहेरची हार्ड डिस्क लागेल ना? सगळ्यांकडे नसते.

नेटकॅफे_जुना

कोणाकडून तरी मागून आणावी. अगदीच नसेल तर डी तसाच ठेवून सी चे आणि सिस्टिमचे बाकीचे पार्टिशन, म्हणजे डिस्कचे भाग, उडवता येतात, पण मग नव्या विंडोजमध्ये डी उघडायच्या आधी त्याचा पूर्ण स्कॅन, आणि त्यातली एकूणएक ईएक्सई डिलीट. केंद्राच्या मशीनला हा उपाय मी सुचवणार नाही.

झाडीपट्टी (देसाईगंज)

डेटा काढण्याबद्दल मी सांगतो गा, कारण लोक इथेच गडबड करतात. चालू व्हायरसवाल्या विंडोजमध्ये बाहेरची डिस्क लावायची नाही. लावली की तिच्यातही शॉर्टकट.

दुसऱ्या कोणाच्या चांगल्या मशीनवर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम) पेन ड्राईव्हवर टाकून घ्या, रुफस नावाच्या टूलनं होते. त्या पेन ड्राईव्हवरून मशीन सुरू करा. काही इन्स्टॉल करायचं नाही, 'ट्राय' म्हणून नुसतंच चालते. तुमचा विंडोजचा व्हायरस तेव्हा झोपलेला असतो, कारण विंडोजच सुरू नाही. मग बाहेरची डिस्क लावा अन् आरामात कॉपी करा. आणखी फायदा असा की शॉर्टकट व्हायरसनं जे फोल्डर 'हिडन' अन् 'सिस्टिम' करून लपवलेले असतात, ते लिनक्समध्ये सरळ उघडे दिसतात. लोकं समजतात डेटा गेला. गेलेला नसतो, झाकलेला असतो.

विंडोज शेवटचं बंद करताना शिफ्ट दाबून शटडाऊन करा. नाहीतर फास्ट स्टार्टअपमुळे ड्राईव्ह अर्धवट झोपलेला राहते अन् लिनक्स कुरकुर करते.

उचलायचं काय, तर फोटो, पीडीएफ, वर्ड, एक्सेल. ईएक्सई, एससीआर, बॅट, व्हीबीएस, शॉर्टकट, एचटीएमएल तिथेच सोडा. नवीन लॅपटॉपवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. विंडोज ११ मध्ये डिस्क आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, झालेली असू शकते. मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर जाऊन बिटलॉकरची, म्हणजे या कुलपाची, रिकव्हरी की आधी लिहून घ्या, ती नसली तर लिनक्समधून काहीच दिसणार नाही. कोरडवाहूच्या जुन्या मशीनला हा ताप नसावा.

तासिका_मास्तर (मेहकर)

फॉन्ट विसरू नका. आमच्या शाळेत हेच झालं होतं. सगळ्या फाईली वाचल्या, पण कृतीदेव आणि शिवाजी हे जुने फॉन्ट नव्या विंडोजमध्ये नव्हते, आणि शाळा सोडल्याचे दाखले उघडले तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. फाईल खराब झाली म्हणून एका सहकाऱ्यानं काही तर काढूनही टाकल्या.

सी ड्राईव्हमध्ये विंडोजच्या आत फॉन्ट्स नावाचं फोल्डर आहे, त्यातल्या टीटीएफ फाईल सगळ्याच उचलून घ्या. फाईलचं नाव फॉन्टच्या नावासारखंच असेल असं नाही, त्यामुळे निवडत बसू नका.

आणि इथून पुढे नवीन मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे कोणत्याही मशीनवर नीट दिसणाऱ्या मराठीत, टाइप करा. विंडोज १० च्या २०१९ नंतरच्या आवृत्त्यांत मराठी फोनेटिक कीबोर्ड आतच आहे, वेगळं काही डाऊनलोड करावं लागत नाही.

कोरडवाहू

मास्तर, हे लय कामाचं सांगितलं. माझे सगळे अर्जाचे नमुने कृतीदेवमध्येच हायेत.

बायोमेट्रिकची मशीन अन् डिजिटल सहीचा डोंगल हाय, त्याचं काय? अन् डाऊनलोडची पंचाईत अशी की गावात फायबर नाही. मोबाईलचा दीड जीबी रोजचा पॅक.

नेटकॅफे_जुना

डिजिटल सहीची किल्ली डोंगलच्या आत असते, कॉम्प्युटरवर नसते. फॉरमॅटनं तिला काही होत नाही, फक्त ड्रायव्हर पुन्हा टाकायचा. बायोमेट्रिकचंही तसंच, कंपनीच्या साईटवरून ड्रायव्हर आणि आरडी सर्व्हिस (आधारच्या ठशाच्या कामाला लागणारा प्रोग्रॅम). दोन्ही उपकरणांचे आणि प्रिंटरचे मॉडेल नंबर कागदावर लिहून ठेव. क्रोममध्ये सेव्ह असलेले लॉगिनही कागदावर.

विंडोजचा पेन ड्राईव्ह या मशीनवर अजिबात बनवायचा नाही. यवतमाळला किंवा घाटंजीला कोणाकडे फायबर आणि स्वच्छ लॅपटॉप असेल तिथे जा. किमान ८ जीबीचा पेन ड्राईव्ह ने, त्यात आधीचं जे असेल ते पुसलं जाईल. मायक्रोसॉफ्टच्या साईटवर 'मीडिया क्रिएशन टूल' आहे, ते डाऊनलोडपासून पेन ड्राईव्ह तयार करण्यापर्यंत सगळं स्वतः करतं. तेच पान मोबाईलवरून उघडलं तर टूलऐवजी थेट आयएसओ, म्हणजे अख्ख्या विंडोजची एकच फाईल, मिळते, पण ती लिंक २४ तासच चालते आणि फाईल पाच जीबीच्या वर आहे. दीड जीबीच्या पॅकवर नाद सोड.

परत येताना तो पेन ड्राईव्ह चालू व्हायरसवाल्या विंडोजमध्ये चुकूनही लावू नकोस. मशीन बंद असताना लाव, मगच सुरू कर.

तुरीच्या_शेंगा

पण विंडोज १० त बंद झालं नं? ११ टाका मंग.

झाडीपट्टी

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, खरं आहे. पण ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागते अन् इंटेलमध्ये साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. चौथ्या पिढीवर जुगाड करून बसते, पण केंद्राच्या मशीनवर जुगाड नको. विंडोज १० ला सिक्युरिटी अपडेट वाढवून मिळते, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. २२एच२ आवृत्ती पाहिजे अन् मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन, मग विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा पर्याय दिसते. सेटिंगचा बॅकअप चालू ठेवला तर पैसे लागत नाहीत. तोवर नव्या मशीनची तजवीज करा.

पेचकस (दिग्रस)

दुकानदाराले नावं ठेवून झाले असतील त मी पण बोलतो. माझं रिपेअरिंगचं दुकान हाय.

गिऱ्हाईक येते ते ३१ जुलैच्या आदल्या दिवशी. पीक विम्याची लाईन लागली हाय, भाऊ तासाभरात पाहिजे. डेटा काढा लागते, दोन-तीन तास लागतील म्हटलं त तोंड वाकडं. ओरिजनल लायसनचे पैसे सांगितले त म्हणते, बाजूचा फुकटात टाकून देते. मंग आमी काय कराव? बाजूच्यापाशी हरमाल असते: टेलिग्रामवरून उतरवलेलं 'लाईट' विंडोज, अपडेट बंद, डिफेंडर बंद, म्हणून पळते बी जोरात. गिऱ्हाईक खूश. महिन्यानं तेच गिऱ्हाईक परत येते, आमाले पुन्हा पैसे.

मी आता चिठ्ठीवर लिहून घेतो: लायसन हाय की नाही, डेटा पाहिजे की नाही, वेळ किती. नाही जमत त नाही जमत.

बाकी तुमच्या चर्चेत एक गोष्ट राहिली. आधी हार्ड डिस्क तपासा. क्रिस्टल डिस्क इन्फो नावाचं फुकट टूल हाय, 'गुड'च्या जागी पिवळं 'कॉशन' दाखवलं त त्या डिस्कवर विंडोज टाकायची मेहनत वाया हाय. अर्धे लोक ज्याले व्हायरस म्हणतात ती मरायले टेकलेली डिस्क असते. २५६ जीबीची एसएसडी, म्हणजे नव्या जातीची जोरात पळणारी डिस्क, टाका, जुनी डिस्क बाजूले काढून ठेवा, डेटा तिच्यातच राहते, घाई नाही. चौथ्या पिढीच्या आय-थ्रीवर एसएसडीनं जो फरक पडते तो रॅम वाढवून पडत नाही.

नेटकॅफे_जुना

पेचकसभाऊ, दुकानं वाईट असं कोणी म्हटलं नाही. पण डिफेंडर कापून टाकलेलं विंडोज गिऱ्हाइकाला न सांगता देणं आणि बिना लेबलच्या थैलीतलं बियाणं विकणं, मला यात फरक दिसत नाही. तुम्ही चिठ्ठीवर लिहून घेता हे बरं करता. जुनी डिस्क बाजूला ठेवायची सूचना तर सगळ्यात चांगली. कोरडवाहू, परवडत असेल तर हेच कर.

कोरडवाहू

दिग्रस दूर नाही, एसएसडी घेऊनच येतो.

मले लायसनचं सांगा. दुकानातून टाकलेलं विंडोज असली हाय की नकली, हे कसं ओळखावं?

पेचकस

ब्रँडेड मशीन असती त सोपं होतं. विंडोज ८ पासून पुढच्या कंपनीच्या मशीनीत लायसनची की बायोसमध्येच (मदरबोर्डच्या आतल्या प्रोग्रॅममध्ये) असते, टाकताना कोणी विचारत नाही, नेट लागलं की आपोआप अ‍ॅक्टिव्हेट. तुमची असेंबल्ड हाय. आधी खरं लायसन असन त ते मदरबोर्डले जोडलेलं असते. टाकताना 'माझ्याकडे प्रॉडक्ट की नाही' हे निवडा अन् पहिले होती तीच आवृत्ती घ्या, होम त होम, प्रो त प्रो. नेट लागल्यावर अ‍ॅक्टिव्हेट झालं त बहुतेक खरं होतं. नाही झालं अन् कोपऱ्यात 'अ‍ॅक्टिव्हेट विंडोज' आलं, त समजा अ‍ॅक्टिव्हेटरनं चालू होतं. मंग लायसन विकत घ्या. स्वस्तात की विकणाऱ्या साईटच्या नादी लागू नका.

ऑफिससाठी लिब्रे ऑफिस टाका. फुकट हाय, खरं हाय, तुमचे अर्ज छापाले पुरते.

बचतगट_ताई (आर्वी)

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण धागा चालू आहे म्हणून विचारते. आमच्या गटाच्या हिशेबाच्या सगळ्या एक्सेल फाईलींच्या नावापुढे चार अक्षरांचं काहीतरी विचित्र शेपूट लागलं आहे, एकही उघडत नाही. प्रत्येक फोल्डरमध्ये 'रीड मी' नावाची एक फाईल आली, त्यात ९८० डॉलर मागितले आहेत, ७२ तासांत दिले तर ४९०. विंडोज नव्यानं टाकलं तर फाईली उघडतील का?

नेटकॅफे_जुना

ताई, नाही उघडणार. तो रॅन्समवेअर आहे, म्हणजे फाईलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस. वर्णनावरून एसटीओपी म्हणजे डीजेव्हीयू घराण्यातला वाटतो, तो बहुतेक वेळा क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरसोबतच येतो. नव्या विंडोजनं मशीन साफ होईल, फाईलींचं कुलूप तसंच राहील.

आधी नेट तोडा. कुलूप लागलेल्या फाईली आणि ती 'रीड मी' फाईल दोन्ही वेगळ्या डिस्कवर जपून ठेवा, डिलीट करू नका. 'नो मोअर रॅन्सम' नावाचा प्रकल्प आहे, २०१६ मध्ये नेदरलँड्सचे पोलीस, युरोपोल आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी मिळून सुरू केला. त्यांच्या साईटवर एक-दोन फाईली चढवल्या की कुलूप कोणत्या जातीचं आणि त्याची मोफत किल्ली आहे का ते कळतं. या घराण्याच्या जुन्या प्रकारांसाठी एम्सीसॉफ्ट या कंपनीनं २०१९ मध्ये डिक्रिप्टर, म्हणजे कुलूप उघडायचं टूल, काढला. नव्या प्रकारांत नशिबाचा भाग आहे. कुलूप लागताना मशीन त्यांच्या सर्व्हरला जोडलं गेलं नसेल आणि 'ऑफलाईन' किल्ली वापरली गेली असेल, तर कधीतरी उघडण्याची आशा असते. ऑनलाईन किल्ली असेल तर सध्या तरी नाही.

पैसे भरू नका. भरून फाईल मिळेलच याची हमी नाही. १९३० वर फोन करा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा, गटाचे पैसे-हिशेब आहेत म्हणून नोंद असलेली बरी. आणि कोणा सदस्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर, ईमेलमध्ये जुन्या एक्सेल पाठवलेल्या असतील त्या गोळा करा. बरेचदा अर्धा हिशेब तिथूनच उभा राहतो.

बचतगट_ताई

बँकेत दर महिन्याला ईमेलनं पाठवत होतो! तिथून काढते. धन्यवाद दादा.

कोरडवाहू

आलो राजेहो. एसएसडी बसवली, जुनी डिस्क काढून ठेवली. विंडोजचा पेन ड्राईव्ह यवतमाळवरून भाच्याच्या लॅपटॉपवर बनवून आणला. पण एसएसडी सेकंडहँड घेतली, तिच्यात कोणाचे तरी जुने पार्टिशन हायेत, अन् सेटअप म्हणते की या डिस्कवर विंडोज टाकता येत नाही, एमबीआर पार्टिशन टेबल हाय. अडकलो. अन् लाईटीचा भरवसा नाही, गावठाण फिडरवर बी दोनदा गेली.

झाडीपट्टी

घाबरायचं काम नाही. पेन ड्राईव्ह यूईएफआय या नव्या पद्धतीनं सुरू झाला अन् डिस्कची मांडणी जुन्या एमबीआर पद्धतीची आहे, एवढाच अर्थ. त्याच यादीत एकेक पार्टिशन निवडून डिलीट करा, सगळे. शेवटी एकच 'अनअलोकेटेड' (रिकामी जागा) ओळ राहिली पाहिजे. तिच्यावर बोट ठेवून नेक्स्ट. नवीन पार्टिशन बनवत बसू नका, विंडोज स्वतः डिस्क नव्या जीपीटी पद्धतीची करून घेते.

जुनी डिस्क काढलेली आहे ना? दोन्ही लागलेल्या असतील तर आधी ती काढा, नाहीतर चुकीची उडेल.

पेचकस

लाईटीचं: फाईल कॉपी होताना गेली त पुन्हा पहिल्यापासून टाका लागते, बाकी मशीनले काही होत नाही. यूपीएसची बॅटरी गेली असन त रात्री जेवण झाल्यावर बसा, तवा लाईट टिकते. बायोस अपडेट मात्र असल्या लाईटीत कोणी करू नका, त्याच्यात गेली त बोर्डच गेला.

अन् सुरू झाल्यावर तारीख पाहा. मागच्या सालातली दाखवत असन त मदरबोर्डवरचा गोल सेल गेला, सीआर२०३२. तारीख चुकली की सरकारी साईट बी 'सुरक्षित नाही' म्हणते अन् माणूस पुन्हा व्हायरस आला म्हणून बोंबलते.

कोरडवाहू

झालं! अनअलोकेटेडवालं जमलं. वीस-पंचवीस मिनिटांत डेस्कटॉप दिसला. अ‍ॅक्टिव्हेट नाही झालं, म्हणजे पहिलेचं नकलीच होतं. पण वायफायचा डोंगल ओळखत नाही, नेट नाही त ड्रायव्हर कसा उतरवू?

संत्र्याचा_मळा

मोबाईल केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. आणि लगेच सेटिंगमध्ये ते कनेक्शन 'मीटर्ड' (डेटा मोजून वापरणारं) करा, नाहीतर अपडेट दीड जीबी गिळून टाकतील आणि तुम्ही ड्रायव्हर शोधतच बसाल.

नेटकॅफे_जुना

क्रम लक्षात ठेव. आधी डोंगलचा ड्रायव्हर. मग कुठेतरी चांगल्या नेटवर बसून सगळे अपडेट, मीटर्ड काढून. मग प्रिंटर, बायोमेट्रिक, सहीचा डोंगल, प्रत्येक कंपनीच्या साईटवरून. डेटा सगळ्यात शेवटी, स्कॅन करून. जुनी डिस्क लावायच्या आधी ऑटोप्ले (डिस्क लावली की आपोआप उघडणं) बंद कर.

वेगळा अँटीव्हायरस घ्यायचा की नाही यावर इथे लोक भांडतील. डिफेंडर चालू आणि अपडेट असेल तर तो पुरतो असं माझं मत. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साईटवर बॉट (मशीनचा ताबा दुसऱ्याला देणारे व्हायरस) काढायची मोफत टूल्स मिळतात, आणि यूएसबी प्रतिरोध नावाचं एक, जे विचारल्याशिवाय पेन ड्राईव्ह उघडू देत नाही. तुझ्या धंद्याला ते शोभेल.

रोजच्या कामाला वेगळं साधं अकाउंट कर, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरवालं नाही. आणि पासवर्ड सगळे बदल: पोर्टलचे, बँकेचे, ईमेलचे. असले व्हायरस ब्राऊझरमधले सेव्ह पासवर्ड उचलून नेतात, ते विंडोज नवं टाकल्यानं परत येत नाहीत. प्रत्येक ठिकाणी 'सगळ्या डिव्हाईसमधून लॉगआऊट' असतं, तेही दाब.

कोरडवाहू

भाऊ, आता काय म्हणावं. सगळं कोरं, डेटा अजून लावलाच नाही. नुसतं क्रोममध्ये माझ्या ईमेलनं लॉगिन केलं अन् सट्ट्याची जाहिरात हजर!

झाडीपट्टी

व्हायरस नाही गा तो. क्रोमच्या सिंकनं (लॉगिन केलं की अकाउंटमधलं सगळं परत आणणं) जुनं एक्स्टेन्शन, म्हणजे क्रोमला जोडलेला छोटा प्रोग्रॅम, परत आणलं. तुम्ही मशीन धुतली, पण एक्स्टेन्शन तुमच्या अकाउंटमध्ये बसलेलं होतं. एक्स्टेन्शनच्या यादीत जा, जे तुम्ही स्वतः टाकलं नाही ते काढा. सेटिंगमध्ये नोटिफिकेशनची परवानगी कोणकोणत्या साईटला आहे ते पाहा, भलत्या साईट काढून टाका. सुरुवातीचं पान अन् सर्च इंजिन पण तपासा.

कोरडवाहू

'पीडीएफ कन्व्हर्टर' नावाचं निघालं. मी कधी टाकलं मले तरी आठवत नाही. काढलं, जाहिराती गेल्या.

तासिका_मास्तर

आता मुख्य दुखणं. लोक प्रिंट काढायला पेन ड्राईव्ह घेऊन येतातच. त्यांना नाही कसं म्हणणार?

नेटकॅफे_जुना

मी कॅफे चालवायचो तेव्हा एक भंगारातलं मशीन फक्त त्यासाठी ठेवलं होतं, त्यावर लिनक्स. लोकांचा पेन ड्राईव्ह त्यात लागायचा, प्रिंट तिथूनच. शॉर्टकट झालेला असेल तर फोल्डर तिथेच उघडे दिसायचे, व्हीबीएस आणि शॉर्टकट फाईली उडवून पेन ड्राईव्ह साफ करून द्यायचो. पाच रुपये त्याचेही.

दुसरं मशीन नसेल तर लोकांना फाईल ईमेल करायला सांगा आणि पीडीएफ-फोटोच स्वीकारा. आणि आपण स्वतः फाईल घेऊन तहसीलच्या, शाळेच्या मशीनवर जातो तेव्हा पेन ड्राईव्हऐवजी मोठं एसडी कार्ड आणि रीडर वापरावा. त्या कार्डाच्या कडेला एक बारीक खटका असतो, तो लॉककडे सरकवला की साधारणपणे त्यावर काही लिहिलं जात नाही. पेन ड्राईव्हला असा खटका क्वचितच मिळतो.

पेचकस

जुनी ५०० जीबीची डिस्क टाकून देऊ नका. डेटा निघाला अन् 'गुड' दाखवत असन त कोरी करून हार्ड डिस्कच्या केसमध्ये, म्हणजे यूएसबीच्या डब्यात, घाला, बाहेरची डिस्क तयार. महिन्यातून एकदा बॅकअप घ्यायचा अन् काढून कपाटात. लावून ठेवली त बचतगटवाल्या ताईवाला प्रकार तिच्यावर बी होऊ शकते.

कोरडवाहू

हो. कृतीदेव बी परत बसला, अर्ज सगळे नीट दिसून रायले. बायोमेट्रिक चालू. प्रिंटर तेवढा आडवा आला: ड्रायव्हर टाकला तरी 'ऑफलाईन'च दाखवते.

पेचकस

केबल लावूनच ड्रायव्हर टाकला असन. विंडोजनं आपल्या मनानं एक प्रिंटर बनवून ठेवला अन् तुमचा दुसराच झाला. यादीतून दोन्ही काढा, केबल काढा, मशीन रिस्टार्ट करा. कंपनीचा सेटअप चालवा, तो स्वतः म्हणन तवाच केबल लावा. अन् मागच्या यूएसबीत लावा, समोरच्यात नको.

कोरडवाहू

निघाली प्रिंट. यादीत खरंच दोन-दोन होते.